तीन लिप्या, एक चष्मा : खानापुरातलं बारीक अक्षराचं प्रकरण

गुरुजी ११ तारखेला सकाळच्या बसने खानापूरहून बेळगावला गेले आणि शहापुरातल्या सभागृहाला कुलूप बघून दुपारी परत आले. निवृत्त शिक्षकांच्या मंडळाची बैठक १९ तारखेला होती. सूचना मंडळाच्या वेबसाइटवर होती, मराठीत होती, तारीख देवनागरी आकड्यांत होती, आणि गुरुजींनी ती स्वतः वाचली होती. १९ मधला ९ त्यांना १ दिसला.

फेरी फुकट गेली याचं त्यांना फारसं काही वाटलं नाही. पण घरी येऊन ते काकूंना म्हणाले, "आता माझं वाचणं संपलं." काकूंनी ते मला फोनवर सांगितलं. मराठी शाळेत ज्यांनी सारी नोकरी खडू हातात घेऊन काढली, भ ची शिरोरेषा तुटलेली का असते आणि म ची सलग का, हे मला फळ्यावर काढून दाखवलं, त्या माणसाच्या तोंडचं हे वाक्य होतं. मी त्याच संध्याकाळी गेलो.

मी खानापुरात संगणकाची छोटी कामं करतो आणि वयस्कर मंडळींना शिकवतो. "अक्षर दिसत नाही" ही तक्रार माझ्याकडे आठवड्याला एकदा तरी येते, आणि बहुतेक वेळा कंट्रोल दाबून अधिकचं चिन्ह दाबलं की ती मिटते. गुरुजींच्या घरी ती तशी मिटली नाही. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवतो आहे.

डोळ्यांची बाजू

पहिल्यांदा डोळ्यांचंच विचारलं. दोन वर्षांपूर्वी दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली. आत बसवलेली भिंगं लांबचं दिसण्यासाठीची, वाचायला दुभागी चष्मा. नुकत्याच झालेल्या तपासणीचा कागद काकूंनी काढून दिला. लांबचं सहा बाय सहा, चष्मा लावून जवळचं एन सिक्स. एन सिक्स म्हणजे जवळून वाचायच्या तक्त्यावरची अगदी बारीक ओळ. म्हणजे डॉक्टरांच्या हिशोबाने डोळे ठीक होते, आणि ते खरंच होतं. गुरुजींनी माझ्यासमोर पंचांगातली बारीक टीप न अडखळता वाचून दाखवली.

"पुस्तक वाचूलोय की," ते म्हणाले, "पण ह्या डब्यात बघितलं की मुंग्या फिरल्यासारखं होतंय. काय बी दिसना झालंय."

मी त्यांना नेहमीसारखं बसून बातम्या वाचायला सांगितलं आणि बाजूने बघत राहिलो. दोन मिनिटांत कळलं. ते हनुवटी वर उचलत होते, मान मागे टाकत होते, आणि चष्म्याच्या खालच्या भागातून पडदा बघायचा प्रयत्न करत होते. काकूंच्या शिलाईच्या डब्यातली टेप घेऊन मोजलं. डोळ्यांपासून पंचांग ४० सेंटिमीटरवर, डोळ्यांपासून लॅपटॉपचा पडदा ६५ सेंटिमीटरवर.

इथे थोडं गणित आहे, आणि ते समजून घेतल्याशिवाय पुढचं सगळं अंदाजपंचे होतं. भिंगाचा नंबर म्हणजे मीटरमधल्या अंतराचा व्यस्तांक. ४० सेंटिमीटरवर स्पष्ट दिसायला अडीचचा नंबर लागतो, कारण एक भागिले ०.४ म्हणजे २.५. ६५ सेंटिमीटरला मात्र दीडच्या किंचित वर पुरतो. तरुण डोळ्याचं भिंग आपलं आपण जुळवून घेतं. चाळिशीनंतर ते कडक होत जातं, आणि शस्त्रक्रियेत बसवलेलं साधं भिंग तर जुळवून घेतच नाही. म्हणजे गुरुजींचा चष्मा वर लांबसाठी, खाली पुस्तकासाठी, आणि लॅपटॉप नेमका या दोघांच्या मधे, कुणाच्याच वाट्याला न आलेला.

शिवाय अंतर वाढलं की अक्षर लहान दिसतं. ४० सेंटिमीटरवरचं अक्षर ६५ वर नेलं तर तेवढंच दिसायला ते सव्वापट नव्हे, दीडपटीहूनही थोडं मोठं असावं लागतं. पंचांगात वाचता येतं म्हणून पडद्यावरही तेवढ्याच आकाराचं वाचता यावं, ही अपेक्षाच चुकीची.

डॉक्टरांना संगणकाचं अंतर सांगून मधल्या अंतराचा वेगळा चष्मा मिळतो का, हे विचारायला मी गुरुजींना सांगितलं. तपासणीच्या वेळी ते कुणी विचारलं नव्हतं आणि गुरुजींनीही सांगितलं नव्हतं, कारण सांगायची गोष्ट आहे हेच त्यांना ठाऊक नव्हतं. चष्मा येईल तेव्हा येईल. तोवर पडद्याकडून काय करता येतं ते बघायचं होतं.

पडदा आधीच कुणीतरी हलवलेला

लॅपटॉप पुण्यातल्या मुलाने पाठवलेला. पंधरा इंचाच्या वर, १५.६ इंची पडदा, आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके. अशा पडद्यावर एका इंचात सुमारे १४१ ठिपके बसतात. ब्राउझर साधा मजकूर १६ पिक्सेलचा धरतो. विंडोजमध्ये मापणी (पडद्यावरचं सगळं किती मोठं दाखवायचं ते ठरवणारा आकडा) १०० टक्क्यांवर असेल तर एक पिक्सेल म्हणजे एक ठिपका, आणि ते १६ पिक्सेल म्हणजे या पडद्यावर तीन मिलिमीटरसुद्धा नाहीत. मापणी १२५ टक्के केली की साडेतीनच्या वर जातं. विंडोज स्वतः अशा पडद्याला बहुधा १२५ सुचवतं. मुलाच्या तरुण डोळ्यांना १०० वर जास्त मजकूर मावतो म्हणून त्याने १०० ठेवलेलं असावं.

पुढे शेजारच्या मुलाने, गुरुजींना मदत म्हणून, रिझोल्यूशन, म्हणजे चित्र किती ठिपक्यांचं काढायचं तो आकडा, १३६६ बाय ७६८ वर आणलं होतं. अक्षर मोठं झालं खरं, पण पुसट झालं. हे फार घरांत बघतो म्हणून जरा थांबून सांगतो. जुन्या काचेच्या पेटीसारख्या मॉनिटरवर रिझोल्यूशन कमी केलं तर फारसं बिघडत नसे. आजच्या सपाट पडद्यावर ठिपके कायमचे ठरलेले असतात. १३६६ ठिपक्यांचं चित्र १९२० ठिपक्यांवर पसरायचं म्हणजे प्रत्येक ठिपक्याला जवळपास दीड घर मिळतं. अर्धं घर नसतं, म्हणून कडा शेजारच्या घरात सांडतात आणि करड्या होतात. रोमन अक्षरं यातून कशीबशी तगतात. देवनागरीत वर शिरोरेषा, तिच्या डोक्यावर मात्रा आणि अनुस्वार, खाली उकार, आणि मधे जोडाक्षराची गिचमीड. त्यात करडेपणा आला की घ आणि ध, थ आणि य, भ आणि म एकमेकांत मिसळतात. गुरुजींच्या मुंग्या त्या ह्याच.

रिझोल्यूशन परत १९२० वर नेलं आणि मापणी १२५ केली. अक्षर लगेच धारदार झालं. गुरुजी पुढे वाकून म्हणाले, "हां, आता शिरोरेघ दिसूलीय." पण मोठं म्हणावं तसं झालं नव्हतं, आणि मंडळाचं पान अजून त्रास देत होतं.

ते पान उघडल्यावर पत्त्याच्या पट्टीत उजवीकडे ८० टक्के असा आकडा दिसला. गुरुजींचा ब्राउझर फायरफॉक्स. त्यात झूम नेहमीपेक्षा वेगळं असेल तरच तो तिथे दिसतो, आणि झूम प्रत्येक साइटसाठी वेगवेगळं लक्षात ठेवलं जातं. कंट्रोलवर बोट राहिलं आणि माउसचं चाक फिरलं की हे नकळत होतं. एकदा झालं की ती साइट जन्मभर तशीच उघडते आणि माणसाला वाटतं, ह्याच साइटचं अक्षर बारीक आहे. त्या आकड्यावर टिचकी मारली की १०० होतं. कंट्रोल आणि शून्य दाबूनही होतं.

आता मागे जाऊन ११ तारखेचा हिशोब लागला. मंडळाच्या पानावर अक्षर १३ पिक्सेलचं, झूम ८० टक्के, म्हणजे साडेदहाच्या आत. आकड्याच्या उंचीला त्यातले सहा-सात ठिपके, तेही पसरलेले, पुसट कडांचे. १ आणि ९ दोघांना गोल डोकं आणि खाली शेपूट. ९ ला जी जादा वळी आहे तिच्या वाट्याला एखाद-दुसरा करडा ठिपका. गुरुजींनी चुकीचं वाचलं असं मी म्हणणार नाही. तिथे ९ उरलाच नव्हता.

माझी पहिली चूक

आता सोपं आहे असं वाटून मी सगळ्या साइटसाठीचं मूळ झूम २०० टक्के करून दिलं आणि घरी आलो. दुसऱ्या दिवशी काकूंचा फोन. पेन्शन जमा झाली का बघायला गुरुजींनी बँकेचं पान उघडलं, आणि बाहेर पडायचं बटणच सापडेना. घाबरून त्यांनी लॅपटॉपचं झाकण तसंच मिटलं.

झूम वाढवलं की ब्राउझर पानाला सांगतो की माझी रुंदी आता कमी आहे. १९२० ला आधी १२५ टक्क्यांनी भागलं की १५३६ उरतात, त्याचे पुन्हा निम्मे केले की ७६८. एवढ्या रुंदीवर पुष्कळ साइट स्वतःला टॅबलेटवर आहोत असं समजतात आणि मेन्यू गुंडाळून तीन आडव्या रेघांत ठेवतात. बाहेर पडायचं बटण त्या तीन रेघांत गेलं होतं. तरुणांना त्या रेघा म्हणजे मेन्यू हे सांगावं लागत नाही. गुरुजींना ती नक्षी वाटली, आणि तसं वाटण्यात काही गैर नाही.

झूम सगळंच फुगवतं, बारीक टीप आणि मोठा मथळा सारखेच. गुरुजींना मथळे दिसतच होते. त्यांना फक्त बारीक अक्षर एका पातळीच्या खाली जायला नको होतं. त्यासाठी ब्राउझरमध्ये वेगळी सोय आहे, किमान अक्षर आकार. पानाने १३ पिक्सेल सांगितले तरी ब्राउझर आपण ठरवलेल्या आकाराच्या खाली जात नाही, आणि जे आधीच मोठं आहे त्याला हात लावत नाही. पानाची मांडणीही बरीचशी जागेवर राहते. झूम परत १०० केलं, विंडोजची मापणी मात्र १५० वर नेली. त्यात पानाला १२८० पिक्सेलची रुंदी मिळते आणि बहुतेक साइट आपलं मूळ रूप सोडत नाहीत. मग किमान आकार १८ ठेवला.

इंग्रजी मोठं, मराठी तसंच

बँकेचं इंग्रजी पान आता व्यवस्थित दिसलं. मराठी बातम्यांचं पान उघडलं तर अक्षर जसंच्या तसं. पुन्हा सेटिंग बघितलं, १८ च होतं. शिक्षण खात्याच्या परिपत्रकांचं कन्नड पान उघडलं, तेही बारीकच.

फायरफॉक्सच्या सेटिंग्जमध्ये फॉन्टच्या शेजारच्या 'ॲडव्हान्स्ड' बटणाने जी खिडकी उघडते, तिच्यात सगळ्यात वर एक यादी असते. हे फॉन्ट कोणत्या लिपीसाठी, असं ती विचारते. तिथे लॅटिन लिहिलेलं होतं. खाली किमान आकाराचा जो रकाना आहे तो त्या निवडलेल्या लिपीपुरताच. देवनागरी निवडली की तोच रकाना पुन्हा रिकामा दिसतो, कन्नड निवडली की पुन्हा रिकामा. प्रत्येक लिपीचा हिशोब वेगळा. क्रोममध्ये असं नाही, तिथे किमान आकार एकच आणि तो सगळ्यांना लागतो. फायरफॉक्सची पद्धत पहिल्यांदा अडचणीची वाटली, पण आमच्या भागासाठी तीच खरी उपयोगाची आहे असं माझं मत झालं आहे.

कारण आमच्या घरात तीन लिप्या आहेत. १९५६ साली बेळगाव जिल्हा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आताच्या कर्नाटकात गेला, तेव्हापासून इथल्या मराठी माणसाचा कागद तीन वाटांनी येतो. वर्तमानपत्र मराठीत, सरकारी सूचना कन्नडात, बँक इंग्रजीत. पुण्या-मुंबईच्या मराठी माणसाला दोन लिप्यांत भागतं आणि त्यांतली एक तो डोळे मिटून वाचतो. इथे तसं होत नाही.

प्रत्येक लिपीसाठी किती आकार ठेवायचा हे ठरवायला मी एक कोरं पान बनवलं, त्यात तिन्ही लिप्यांतली वाक्यं आणि तारखा लहान-मोठ्या आकारांत लिहिल्या, आणि गुरुजींना मोठ्याने वाचायला सांगितलं. मराठीत १६ वर ते सरळ वाचत गेले. तरीही मधेच एका जागी 'घर'चं 'धर' झालं, आणि वाक्याचा अर्थ जुळेना म्हणून ते स्वतःच मागे आले. १८ वर एकदाही मागे आले नाहीत. इंग्रजीत १६ ला काहीच अडचण आली नाही. कन्नडात मात्र १८ वरही अडखळत होते, आणि २२ वर गेल्यावर मोकळे झाले.

यावर मी बराच विचार केला. गुरुजी कन्नड नोकरीपुरती शिकले. वाचतात, पण अक्षर अक्षर लावत वाचतात. मराठी वाचताना डोळा अक्षर बघत नाही, शब्दाचा चेहरा बघतो. 'बैठक' हा शब्द अर्धा पुसला तरी मराठी माणूस तो वाचतो. परक्या लिपीत चेहऱ्याची ओळख नसते, प्रत्येक अक्षर स्वतंत्र ओळखावं लागतं, आणि मग त्याचा प्रत्येक बारकावा दिसावा लागतो. कन्नडात द आणि ध, प आणि फ, ड आणि ढ यांत खालच्या एका बारीक रेघेचाच काय तो फरक. जोडाक्षरातलं दुसरं अक्षर तर पहिल्याच्या पायाशी, लहान होऊन बसतं. १८ पिक्सेलमध्ये ते पायाशी बसलेलं अक्षर दहा ठिपक्यांचंही उरत नाही. कन्नड ज्याची मायबोली आहे त्याला ते चालतं, तो शब्दावरून ओळखून घेतो. गुरुजींना चालत नाही.

म्हणून एकच आकडा तिन्हींना लावणं चुकीचं ठरलं असतं. लॅटिन १६, देवनागरी २०, कन्नड २२ असं ठेवलं. देवनागरीला चाचणीतल्या १८ पेक्षा दोन जास्त दिले, कारण चाचणी सकाळच्या ताज्या डोळ्यांनी झाली होती आणि गुरुजी बातम्या वाचतात रात्री जेवणानंतर. १५० टक्के मापणीत २० पिक्सेलचं मराठी अक्षर या पडद्यावर जवळजवळ साडेपाच मिलिमीटरचं होतं. ११ तारखेला ते अडीचच्या थोडं वर होतं.

आणखी एक गाठ यात होती. ब्राउझर लिपी ओळखतो ती अक्षरं बघून नव्हे, पानाच्या सुरुवातीला भाषेची जी खूण लिहिलेली असते ती वाचून. मराठीची खूण 'एम आर', कन्नडची 'के एन', इंग्रजीची 'ई एन'. एक स्थानिक बातम्यांची साइट पूर्ण मराठीत होती आणि खूण मात्र इंग्रजीची लावलेली, बहुधा तयार साच्यात होती तशीच राहिलेली. तिला देवनागरीचे २० लागेनात, लॅटिनचे १६ लागले. मग लॅटिनचाही आकडा १८ केला. इंग्रजी गरजेपेक्षा किंचित मोठं झालं, त्याने कुणाचं बिघडत नाही.

फॉन्टही बदलून बघितला. विंडोजबरोबर येणारा निर्मला स्वच्छ आहे, जुन्या मंगलपेक्षा मला तो बरा वाटतो. साइटला स्वतःचा फॉन्ट वापरू द्या अशीही एक खूण त्याच खिडकीत असते. ती काढली की काही पानांवर बटणांवरची चित्रं जाऊन तिथे रिकामे चौकोन येतात. बँकेच्या पानावर आधीच घाबरलेल्या माणसाला चौकोन दाखवणं नको, म्हणून ती खूण मी राहू दिली.

जिथे हे चालत नाही

वर्तमानपत्राची ई-आवृत्ती म्हणजे छापील पानाचं चित्र. तिथे अक्षर नसतंच, अक्षराचा फोटो असतो, त्यामुळे किमान आकार काही करू शकत नाही. तिथे चित्रच मोठं करून सरकवत वाचायचं. गुरुजी त्यापेक्षा बातमीचं साधं पान उघडतात आणि पत्त्याच्या पट्टीतलं वाचनदृश्याचं चिन्ह दाबतात. विंडोजवर त्याला एफ नाईन ही कळही आहे. जाहिराती, बाजूचे रकाने सगळं जातं, मजकूर तेवढा उरतो, ओळींतलं अंतरही वाढवता येतं. देवनागरीला ते अंतर फार लागतं, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला टेकतो. गुरुजींना मागचा रंग फिकट पिवळसर केलेला आवडला. वहीचं पान वाटतं म्हणाले. हे चिन्ह फक्त लेख-बातमीवर येतं, बँकेच्या पानावर किंवा मुख्य पानावर येत नाही.

खात्याची जुनी परिपत्रकं स्कॅन केलेली असतात. ती मोठी केली की फक्त धूसर होतात. त्याला माझ्याकडे उपाय नाही. काकूंची पुतणी कन्नड शाळेत शिकलेली आहे, ती आली की वाचून दाखवते.

मोबाइलचं थोडक्यात सांगतो. अँड्रॉइडवर क्रोमच्या सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी या भागात मजकूर मोठा करायची पट्टी आहे, आणि तिथेच झूम सक्तीने चालू करायची एक खूण आहे. काही साइट दोन बोटांनी मोठं करणं बंद करून ठेवतात, त्यांच्यावर ही खूण लागू पडते. गुरुजींच्या फोनवर ती केली. फोन ते हातात धरून ४० सेंटिमीटरवरच बघतात, त्यामुळे तिथे चष्म्याची भांडणं नव्हतीच.

मंडळाचं पान

खरं तर हे सगळं गुरुजींच्या बाजूने केलेलं आहे, आणि मंडळातले बाकीचे निवृत्त शिक्षक त्याच वयाचे, त्यातले बरेच मोतीबिंदू झालेले. प्रत्येकाच्या घरी जाऊन लिपीवार आकडे कोण लावणार? गुरुजींनी मंडळाच्या चिटणीसांना माझ्यासमोरच फोन लावला. चूक दाखवायचा सूर अजिबात नव्हता. "आपल्या पानाचं अक्षर जरा मोठं करून घेऊ या, आपलीच माणसं वाचूलेत ते," एवढंच म्हणाले.

पान ज्याने केलं तो मुलगा भला निघाला. तासाभरात कामं झाली. १३ पिक्सेलचं अक्षर १८ केलं, ओळींतलं अंतर वाढवलं, भाषेची खूण मराठीची केली, फोनवर बोटांनी मोठं करण्यावरची बंदी काढली. करडं अक्षर काळं केलं. फिकट करड्याची फॅशन आहे, पण पांढऱ्यावर करडं जितकं फिकट तितकं म्हाताऱ्या डोळ्याला ते लवकर हरवतं. वेबसाइट सर्वांना वाचता याव्यात यासाठीचे जे आंतरराष्ट्रीय नियम आहेत, त्यांत साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी फरक किमान साडेचारास एक असा मागितला आहे, आणि मजकूर दुप्पट मोठा केला तरी पानातलं काही हरवू नये हे २००८ पासून लिहिलेलं आहे. नियम आहेतच. ते आमच्या गावच्या मंडळाच्या पानापर्यंत कुणी आणत नाही, एवढंच.

आणि एक गोष्ट गुरुजींनी स्वतः सुचवली, जी माझ्या डोक्यात आली नव्हती. तारीख आकड्याबरोबर अक्षरांत आणि वारासकट लिहायची. आता तिथे '१९ (एकोणीस), रविवार' अशा पद्धतीने सूचना लागतात. धनादेशावर रक्कम आकड्यांत आणि अक्षरांत अशी दोनदा लिहितात त्यातलंच हे.

दोन महिन्यांनी

मधल्या अंतराचा चष्मा आला. डॉक्टरांना गुरुजींनी टेपवरचं ६५ चं माप सांगितलं होतं, कागदावर लिहूनच नेलं होतं. मी गेलो तेव्हा ते सरळ मान ठेवून बसले होते. लॅपटॉपची जागाही बदललेली होती. आधी तो खिडकीकडे तोंड करून होता आणि काचेत पडवीतला उजेड चमकायचा, आता खिडकी बाजूला आली होती. ते काकूंनी केलेलं, मला सुचलं नव्हतं.

"जरा जास्तच मोठं वाटूलंय आता," गुरुजी म्हणाले. "ओळीत चारच शब्द बसूलेत, सारखं खाली सरकवायला लागतंय. कमी कर."

मापणी १५० वरून १२५ वर आणली. मराठी अक्षर साडेपाच मिलिमीटरवरून साडेचारवर आलं, आणि त्यांनी ते वाचून बघून मान डोलावली. देवनागरी २० वरच ठेवली. कन्नडचेही २२ तसेच ठेवायला सांगितले. "तिथं अजून मी विद्यार्थीच की," म्हणाले, आणि खात्याची सूचना अक्षर लावत वाचायला लागले.